अंबरपेठेतील वरचा मजला

आमच्या गावच्या घरावर स्लॅब घालावा की कौले ठेवावीत, हा वाद आमच्या कुटुंबात तीन वर्षे चालला होता. थोरले बंधू स्लॅबच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. वसईत आता शाकारणीस माणूस मिळत नाही, वासे वाळवीने पोखरलेले, आणि उद्या मुलांना वर एखादी खोली चढवावयाची झाली तर ती कौलांवर कशी चढणार? आई या वादात पडत नसे. ऐंशी ओलांडलेली ती माउली माजघरातील आपल्या खाटेवर बसून आमचे सारे बोलणे ऐकून घेई आणि अखेरीस म्हणे, "तुम्हांला हवे ते करा. मला काही उकडत नाही."

या शेवटच्या वाक्याचा खरा अर्थ मला हैदराबादेस जाऊन आल्यावर कळला.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर हैदराबादेस गेली ती तेथलीच झाली. अंबरपेठ नावाच्या भागात तिचे बिऱ्हाड आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या आरंभी तिच्याकडे आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघावे, मनमाड, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड अशी मराठवाड्याची स्टेशने मागे टाकावीत आणि दुसऱ्या दिवशी सिकंदराबादेस उतरावे. उन्हाळ्यात हा प्रवास कसा होतो ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांनी मे महिन्यात करू नये.

अंबरपेठ ही मुसी नदीच्या उत्तर काठची जुनी वस्ती. पश्चिमेस काचीगुडा स्टेशन, उत्तरेस उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार, आणि दक्षिणेस नदीपलीकडे नेणारा मुसारामबागचा पूल. नदीचे नाव मोठे असले तरी उन्हाळ्यात तिच्याकडे पाहवत नाही. 'सहा नंबर' नावाचा एक गजबजलेला चौक आहे. तेथून आत वळले की गल्ल्या अरुंद होत जातात आणि घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात. मराठी माणसाला हैदराबाद परके वाटत नाही. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता, तेव्हापासूनची मराठी घराणी शहरात आहेत. केशवराव कोरटकरांच्या पिढीने उभारलेली विवेकवर्धिनी शाळा आजही तेथे आहे. रस्त्यावरच्या दखनी बोलीत तर आपला 'नको' हा शब्द 'नक्को' होऊन ऐटीत वावरत असतो.

बहिणीचे बिऱ्हाड तीन मजली घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर. डोक्यावर चार-पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर उघडे आकाश. घरमालकीण, सत्तरीच्या पुढची तेलुगू बाई, तळमजल्यावर राहते. तिचे दोन खोल्यांचे घर मूळचे जुने. भिंती दगडी व जाड, खाली शहाबादी फरशी, खिडकीबाहेर कडुनिंब. वरचे दोन मजले तिच्या मुलांनी मागाहून चढविले. मी सामान घेऊन जिना चढू लागलो तशी ती दारातून म्हणाली, "साब, दोपहर को ऊपर नक्को बैठो, नीचे आ जाओ." मी हसून मान डोलावली. दुपारी दोन वाजता मात्र निमूटपणे खाली आलो.

तेथेच माझ्या मनात पहिली शंका उभी राहिली. मेहुण्यांनी भिंतीवर एक उष्णतामापक टांगला होता. तो काढून मी वरच्या मजल्यावर व तळमजल्यावर आळीपाळीने ठेवून पाहिला. वर पारा चढलेला दिसे खरा, पण फारसा नाही. मग देहाला इतका जमीन-अस्मानाचा फरक का वाटावा? वर बसले की डोक्यातून वाफा निघाव्यात आणि खाली येताच हायसे वाटावे, हे काही त्या थोड्या अंशांचे काम नव्हे.

याचे उत्तर आपल्या घरच्या चुलीपाशी आहे. हिवाळ्याच्या पहाटे चुलीसमोर बसलेल्या माणसाची पाठ गारठलेली असते आणि तोंड भाजत असते. भोवतीची हवा तर एकच! चेहऱ्याला जे पोळते ते हवेतून नव्हे, तर निखाऱ्यांतून सरळ येणारे उष्णतेचे किरण. दिवसभर तापलेला स्लॅब म्हणजे डोक्यावर उलटी टांगलेली, मंद पण खोलीएवढी रुंद चूल होय. उष्णतामापक हवेची ऊब सांगतो. आपली त्वचा मात्र भिंती, छत, जमीन या साऱ्यांशी क्षणोक्षणी देवघेव करीत असते. या विषयाचे जाणकार सांगतात की माणसाचे उकडणे वा न उकडणे सहा गोष्टींवर ठरते: हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची ऊब, हवेची हालचाल, तिच्यातील ओलावा, अंगावरचे कपडे आणि आपण करीत असलेले श्रम. यांपैकी पहिल्या चार गोष्टी घर ठरविते.

अंबरपेठेत तर सूर्यही स्लॅबाच्याच पाठीशी लागलेला असतो. दर वर्षी ९ मेच्या सुमारास हैदराबादेत मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. आपल्याकडे हाच प्रकार काही दिवसांनी घडतो. अशा दिवसांत भिंतींवर ऊन तिरके, ओझरते पडते. छत मात्र ते पुरेपूर पिते. दुपारी प्यायलेले हे ऊन काँक्रीटमधून हळूहळू झिरपत संध्याकाळी आतल्या बाजूस पोहोचते. रात्री दहा वाजता मी स्टुलावर चढून छताला हात लावला आणि चटकन मागे घेतला. बाहेर गल्लीत वाऱ्याची झुळूक सुरू झाली होती आणि घरात दुपार चालू होती.

या शहरातील घरांचा असा अभ्यास कोणी केला आहे काय, हे मी शोधून पाहिले आणि मला आनंदाचा धक्का बसला. माधवी इंद्रगंटी या वास्तुविद्येच्या विदुषीने २००८ सालच्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात हैदराबादेतील ४५ सदनिकांत पुनःपुन्हा जाऊन, शंभराहून अधिक माणसांना 'तुम्हांला आत्ता कसे वाटते?' असे विचारले आणि त्याच वेळी खोलीतील ऊब, ओलावा व वारा मोजला. अशा सुमारे ४,००० नोंदी जमल्या. २०१० साली तिने प्रसिद्ध केलेले निष्कर्ष पाहण्याजोगे आहेत. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत सुखकारक तापमान २३ ते २६ अंश मानले होते. हैदराबादची माणसे मात्र २६ पासून थेट ३२ अंशांच्या पुढेपर्यंत समाधानी होती, आणि 'ना गरम, ना थंड' असे त्यांना वाटे ते २९ अंशांच्या आसपास.

हा फरक का पडावा? पूर्वीचे मोठे नियम फांगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने डेन्मार्क व अमेरिकेतील विद्यार्थ्यांना बंद खोलीत बसवून केलेल्या प्रयोगांवर आधारलेले होते. त्याचे पुस्तक १९७० साली निघाले. काम चोख होते, यात शंका नाही. पण त्या खोलीला उघडता येईल अशी खिडकी नव्हती आणि त्या विद्यार्थ्यांपाशी माठ नव्हता. पुढे १९९८ साली द डिअर व ब्रॅगर या दोघांनी जगभरच्या १६० इमारतींतील २१,००० नोंदी तपासल्या. ज्या इमारतींत माणसाला खिडकी उघडण्याची मुभा असते, तेथील माणसे बाहेरच्या ऋतूबरोबर आपली अपेक्षाही बदलतात, असे त्यांना आढळले. आपल्या देशात रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत शर्मा व शराफत अली यांनी १९८६ साली भारतीय उन्हाळ्यासाठी स्वतंत्र निर्देशांक मांडला होता. त्यांचाही सुखाचा मध्यबिंदू साडेसत्तावीसवर होता. आपल्याला जे सोसते ते सवयीमुळे सोसते, आणि ज्याची कळ आपल्या हाती आहे ते अधिक सोसते.

मी हे बहिणीला सांगितले तेव्हा ती चिडून म्हणाली, "दादा, मग मी रोज रडते ती काय हौसेने?" तिचे खरे होते. बत्तीस अंशांची मर्यादा कितीही उदार असली तरी हैदराबादेच्या मे महिन्यातील दुपार चाळिसाच्या आसपास असते; २ जून १९६६ रोजी तर बेगमपेठ येथे पारा ४५.५ अंशांवर गेला होता. त्याच अभ्यासात वरच्या मजल्यावरच्या, छताखालच्या माणसांचे हाल खालच्यांहून अधिक असल्याचे दिसले आहे. आणखी एक गोष्ट त्यात नोंदलेली आहे. खिडक्या असूनही लोक त्या उघडत नाहीत. डास, धूळ, गोंगाट, चोरांचे भय, आणि समोरच्या घरातील डोळे! माझी सोळा वर्षांची भाची अभ्यासाला बसे ती खिडकी लावून, पडदा ओढून. समोरची गच्ची हातभर अंतरावर. तिचा काय दोष? नकाशावर जी खिडकी असते तिच्यातून वारा येतोच असे नाही.

रात्री बहिणीचे कुटुंब गच्चीवर झोपे. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतावयाच्या, चटया अंथरावयाच्या. स्वच्छ आकाशाखाली तोच स्लॅब वरच्या अंगाने आपली ऊब आभाळाला देऊन लवकर निवतो आणि खालच्या अंगाने मात्र खोलीतील माणसांना भाजत राहतो. एकाच लादीच्या दोन बाजूंना दोन ऋतू! भाची गच्चीवर येत नसे. ती घरमालकिणीकडे खाली झोपे; दोघींचे गूळपीठ मोठे.

खोलीत कूलर होता. वाळ्याच्या पडद्यावर पाणी झुळझुळते, पंखा त्यातून हवा ओढतो आणि खोली थोडी गार होते. हैदराबादची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून तेथे पाणी झटपट उडून जाते आणि उडताना ऊब घेऊन जाते. वाचकांपैकी कोणी हे पाहून आपल्या समुद्रकाठी असा कूलर आणील तर पैसे फुकट जातील. आपल्या हवेत ओलावा आधीच भरलेला. तेथे पाणी उडत नाही, घाम वाळत नाही, आणि कूलर फक्त खोली दमट करतो. आपल्याला पंखाच बरा. वारा अंगावरून वाहिला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. मात्र पंखा हवा गार करीत नाही, घाम वाळवितो. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये, तो उलट गरम हवाच अंगावर लोटतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे.

मेहुण्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून बैठकीच्या भिंती फिकट निळ्या रंगविल्या होत्या. निळ्या खोलीत गार वाटते म्हणे. असे प्रयोग परदेशात पुष्कळ झाले आहेत. काहींत अल्पसा फरक आढळला, काहींत मुळीच नाही. मला विचाराल तर डोळ्यांना बरे वाटले. स्लॅबाला मात्र त्या निळाईचे काही वाटल्याचे दिसले नाही.

येथवर सारे गमतीचे होते. सहाव्या दिवशी दुपारी ते गंभीर झाले.

बहिणीच्या सासूबाई आतल्या खोलीत असत. वय ब्याऐंशी. 'उकडते का?' असे कोणीही विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले: "नाही रे बाबा, मला काही उकडत नाही." पंखासुद्धा त्या मंद ठेवावयास सांगत, जोराचा वारा अंगाला लागतो, म्हणत. त्या दुपारी बहीण चहा घेऊन गेली तो त्या भलत्याच काहीतरी बोलू लागल्या. माझ्या बहिणीला त्यांनी स्वतःच्या मृत बहिणीच्या नावाने हाक मारली. अंग तापलेले, त्वचा कोरडी, घामाचा टिपूस नाही. उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच होता.

आम्ही त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले. घरमालकिणीने शहाबादी फरशीवर आपले अंथरूण घातले, मेहुण्यांनी ओल्या फडक्यांनी अंग पुसण्यास आरंभ केला, भाची पुठ्ठ्याने वारा घालीत राहिली. गल्लीतील डॉक्टर दहा मिनिटांत आले. त्यांनी ताप पाहिला, सलाईन लावले आणि रुग्णालयात न्यावयाची तयारी ठेवावयास सांगितले. न्यावे लागले नाही. संध्याकाळच्या सुमारास सासूबाईंनी डोळे उघडून "इथे कशाला आणले मला?" असे खडसावून विचारले, तेव्हा बहीण रडू लागली.

डॉक्टर जाताना जिन्यात थांबून जे बोलले ते मी विसरलो नाही. म्हातारपणी उष्णतेची जाणीवच बोथट होते. तहान लागत नाही, घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त पूर्वीसारखे धावत नाही. शरीर तापत असते आणि मन सांगत असते, सारे ठीक आहे. मला इंद्रगंटीबाईंच्या अभ्यासातील एक ओळ आठवली. म्हाताऱ्या माणसांनी, तसेच स्त्रियांनी, खोलीची ऊब इतरांपेक्षा अधिक प्रमाणात 'चालेल' म्हणून पत्करली होती. आणि गरीब कुटुंबांचे सुखाचे अंश श्रीमंतांहून वर होते. पहिल्यांदा वाचताना मला त्यात काटकपणा दिसला होता. आता वाटले, बिचाऱ्यांनी दुसरे काय म्हणावे? २०१५ सालच्या मे महिन्यातील लाटेत आंध्र व तेलंगण मिळून दोन हजारांहून अधिक माणसे दगावल्याचे सरकारी आकडे सांगतात. त्यांतील कितीजण उन्हात राबणारे होते आणि कितीजण घरातल्या घरात, 'मला काही होत नाही' म्हणत गेले, ते त्या आकड्यांतून उमगत नाही.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंची खाट खाली हलली, ती पाऊस पडेपर्यंत. भाड्याची गोष्ट काढताच घरमालकीण रागावली.

मग छताचे काय करावे, याची चौकशी सुरू झाली. त्या शहरात याविषयी बरेच काम झाले आहे. २०१७ साली बंजारा हिल्सच्या बाजूस देवरकोंडा बस्ती नावाच्या गरीब वस्तीत पंचवीस घरांच्या छपरांवर पांढरे, ऊन परतविणारे आवरण घालून पाहण्यात आले. आतले तापमान सरासरी दोन अंशांनी उतरल्याचे आढळले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तेलंगण सरकारने शीत छतांचे धोरणच जाहीर केले आणि पाच वर्षांत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छपरे अशी करण्याचा संकल्प सोडला. संकल्प सरकारी आहे; किती सिद्धीस जातो ते पाहावे. मेहुण्यांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी गच्चीला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मी निघालो त्या रात्री छताला पुन्हा हात लावून पाहिला. ऊन होतेच, पण हात ठेवता येत होता.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भाची मला बाग अंबरपेठेतील बतुकम्मा कुंटा नावाच्या तळ्याची जागा दाखवावयास घेऊन गेली. तेव्हा तेथे तळे कसले, झुडपे आणि राडारोडा! आपल्या वसईतील बुजविलेल्या बावखलांची मला आठवण झाली. पुढे २०२५ साली ते उकरून पुन्हा पाण्याने भरण्यात आले आणि लोकांना खुले झाले. भाची आता संध्याकाळी तेथे जाते, असे बहिणीने कळविले आहे.

गावी परतलो तो अंगणात मिस्त्री बसलेले आणि बंधू हिशेब करीत असलेले. मी सारी हकीकत सांगितली. बंधू शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुझे मत कौलांना." तसे माझे मत नव्हते, आणि अजूनही नाही. कौलारू घर म्हणजे स्वर्ग नव्हे. भर दुपारी तेही तापते. पण कौल पातळ, त्याच्या फटींतून वारा खेळतो, खाली माळ्यावर पेंढा वा अडगळ असते ती ऊब अडविते, आणि सूर्य मावळताच ते निवू लागते. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरात कौलांचा कारखाना काढला आणि ती तांबडी कौले साऱ्या कोकणपट्टीवर पसरली, ती काही केवळ दिसावयास बरी म्हणून नव्हे. पण शाकारणीला माणूस नाही आणि पुतण्याचे लग्न तोंडावर, हेही खोटे नव्हते.

शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. आपल्याकडे गळतीच्या भयाने स्लॅबवर पत्र्याचे छप्पर उभारतात ना, ते नुसते पावसाचे नाही, उन्हाचेही छत्र आहे, असे ते म्हणाले. दोहोंमध्ये माणूस उभा राहील एवढी जागा सोडावी, चारी बाजू उघड्या ठेवाव्यात. ऊन पत्रा खातो, वारा मधली ऊब नेतो, स्लॅब सावलीत राहतो. शाळेत न गेलेल्या त्या मिस्त्रींनी अंबरपेठेतले सारे शास्त्र विडी ओढता ओढता सांगितले. समोरच्या दोन खोल्यांवर तसा स्लॅब पडला. माजघरावरची कौले तशीच राहिली. वासे तेवढे बदलले. बंधूंना ते अर्धवट दिसते आणि पाहुण्यांना ते तसे बोलूनही दाखवितात.

आईची खाट जागची हलली नाही. बंधूंनी भिंतीवर एक उष्णतामापक आणून टांगला आहे. त्याच्याच खिळ्याला आईने आपली जपमाळ अडकविली आहे. उकडते का, असे आता तिला कोणी विचारीत नाही. भावजय दर दोन तासांनी आत जाते आणि तांब्यातले पाणी कितीसे उरले आहे, ते पाहून येते.